आपलीच धून आपलीच मतं खाते: गेम संगीताच्या मतदानाचं सोपं गणित

२०१३ च्या ईस्टरच्या सुट्टीत ब्रिटनमधल्या क्लासिक एफएम या पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या रेडिओ केंद्रानं दरवर्षीप्रमाणे श्रोत्यांच्या मतांवरून ठरलेली ३०० रचनांची यादी वाजवली. पहिला क्रमांक राखमानिनॉवच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोचा (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना), दुसरा व्हॉन विल्यम्सच्या 'द लार्क असेंडिंग'चा. हे दोघं तिथले जुने मानकरी. भुवया उंचावल्या त्या तिसऱ्या क्रमांकाला. तिथे 'फायनल फँटसी' या जपानी व्हिडिओ गेम मालिकेचं संगीत होतं, संगीतकार नोबुओ उएमात्सु. पाचव्या क्रमांकावर आणखी एक गेम मालिका, 'द एल्डर स्क्रोल्स', संगीतकार जेरेमी सोल. मोझार्ट, बेथोव्हन, बाख ही सगळी मंडळी उएमात्सुच्या खाली.

हे कसं झालं, याचं झटपट उत्तर 'गेमवाल्यांनी मतं गोळा केली' असं आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. लोकांना आवडतं संगीत निवडायला सांगितलं की निकाल दोन गोष्टींवर ठरतो: लोकांची आवड आणि मतपत्रिकेचा आकार. पहिलीवर सगळे वाद घालतात. दुसरीकडे फारसं कुणी बघत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

तीनशेची यादी आणि मूठभर लोक

क्लासिक एफएमची ही 'हॉल ऑफ फेम' यादी १९९६ पासून चालत आली आहे. पद्धत साधी: प्रत्येकानं आवडीच्या तीन रचना पसंतीक्रमानं सांगायच्या, केंद्र त्यावरून ३०० ची क्रमवारी लावणार. गेम संगीताच्या चाहत्यांनी यादीत शिरण्यासाठी फेसबुकवर मोहीम उघडली आणि २०१२ मध्ये 'फायनल फँटसी ७' मधल्या एरिथ या पात्राची थीम थेट १६ व्या क्रमांकावर आली. (१९९७ च्या गेममधल्या एरिथचं पुढे काय होतं, हे ठाऊक नसलेला माणूस आता सापडणं कठीण, तरी सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती धून यादीत का आली, हे समजावावं लागणार नाही.)

मूठभर लोकांच्या मोहिमेला इतकं यश कसं येतं, हे एका काल्पनिक उदाहरणानं बघू. समजा १,००० जणांनी मत दिलं आणि फक्त पहिली पसंती मोजायची आहे. त्यातले ९५० नेहमीचे शास्त्रीय संगीताचे श्रोते. पण शास्त्रीय संगीताचा पसारा प्रचंड आहे. त्यांची मतं ५०० रचनांत विखुरली, तर एका रचनेच्या वाट्याला सरासरी दोन मतंही येत नाहीत. फारच लाडक्या रचनांना तीस-चाळीस मिळतील. आता उरलेले ५० जण एकाच रचनेवर एकवटले की ती सरळ पहिली. पाच टक्के लोकांनी पंचाण्णव टक्क्यांना मागे टाकलं, आणि त्यात कुणी एक मतही चोरलं नाही.

लबाडी नाही, पण त्याला बहुमतही म्हणता येत नाही. पर्याय जितके जास्त, तितकी एकजुटीची किंमत जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. २०१२ मध्ये यादीत आली ती एक धून होती. २०१३ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आली ती 'फायनल फँटसी' ही अख्खी मालिका, एक नोंद म्हणून. १९८७ पासूनचे डझनाहून जास्त गेम, त्यांतल्या शेकडो धुना, सगळं एका ओळीत. कुणी सातव्या भागातल्या लढाईच्या संगीताला मत दिलं, कुणी दहाव्या भागातल्या पियानोला, सगळं एकाच खात्यात जमा. बेथोव्हनच्या सिंफनी मात्र प्रत्येकी वेगळ्या मोजल्या जातात. त्याच्या नऊ सिंफनी आणि पाच पियानो कॉन्चेर्तो एकत्र बांधले असते, तर राखमानिनॉवला त्या वर्षी घाम फुटला असता. हा नियम गेमवाल्यांसाठी मुद्दाम केलेला नव्हता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'सारख्या चित्रपट मालिकेचं संगीतही तिथे एकच नोंद असतं. पण नियम कुणाच्या सोयीसाठी केला आणि फायदा कुणाला झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

'हे शास्त्रीय संगीत आहे का?' अशी कुरकुर तेव्हा झाली. मला ती पटत नाही. पहिल्या क्रमांकावरचा राखमानिनॉवचा तो कॉन्चेर्तो ब्रिटिश माणसाच्या मनात घर करून बसला, त्यात १९४५ च्या 'ब्रीफ एन्काउंटर' या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. त्या प्रेमकथेत तो सतत वाजतो. म्हणजे पहिल्या क्रमांकाची रचनाही पडद्यावरूनच घराघरात शिरली होती. तिसऱ्या क्रमांकाच्या वेळी प्रेक्षकाच्या हातात कंट्रोलर होता, इतकाच फरक.

पुढच्या वर्षांत योको शिमोमुरा यांचं 'किंगडम हार्ट्स'चं संगीतही या यादीत आलं. २०१७ मध्ये क्लासिक एफएमनं फक्त गेम संगीताचा कार्यक्रमच सुरू केला, संगीतकार जेसिका करी यांच्या निवेदनासह. मतदानातून आलेला धक्का असा वेळापत्रकात मुरला.

आधी नामांकन, मग मत

रेडिओच्या मतदानात नामांकनाची वेगळी फेरी नसते, ज्याला जे आठवेल ते त्यानं लिहायचं. चाहते स्वतः असं मतदान घेतात तेव्हा बहुधा दोन टप्पे असतात. आधी प्रत्येकानं ठरावीक संख्येनं ट्रॅक सुचवायचे, त्यांतून यादी बनवायची, मग त्या यादीवर मत. वरवर पाहता पहिला टप्पा किरकोळ कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात निम्मा निकाल तिथेच लागतो, कारण यादीत नाही ते जिंकू शकत नाही.

पहिला पेच: एका गेममधून किती ट्रॅक घ्यायचे? मर्यादा नाही घातली, तर 'क्रोनो ट्रिगर' किंवा 'फायनल फँटसी ७' सारखा गेम एकटाच वीस जागा अडवतो आणि छोट्या गेमची एकमेव सुंदर धून बाहेर राहते. पण वीस जागा अडवल्या म्हणजे तो गेम जिंकलाच, असंही नाही. उलट त्याचे चाहते त्या वीस धुनांत वाटले जातात. निवडणुकीत आपण म्हणतो ना, अमुक उमेदवारानं तमुकाची मतं खाल्ली? इथे आपलीच धून आपल्याच दुसऱ्या धुनेची मतं खाते. म्हणून मुरलेले चाहते नामांकनाच्या वेळीच आपसात ठरवून टाकतात, की या गेमकडून हाच एक ट्रॅक उभा करायचा. थोडक्यात, बंडखोरांना माघार घ्यायला लावायची.

दुसरा पेच मला जास्त आवडतो: गेम संगीत म्हणायचं कशाला? १९८९ मध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आलेल्या टेट्रिसची ती प्रसिद्ध धून आठवा. जगभर लोक तिला टेट्रिसची धून म्हणूनच ओळखतात. ती मुळात 'कोरोबेइनिकी' नावाचं एकोणिसाव्या शतकातलं रशियन गाणं आहे, फेरीवाल्यांबद्दलचं. मग तिला उमेदवारी द्यायची का? चाल गेमसाठी रचलेली नाही, पण गेम बॉयच्या त्या चिमुकल्या चिपवर ती ज्या रूपात वाजते ते रूप गेमचंच आहे. आता 'ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी' घ्या. त्यात गाडीचा रेडिओ लावला की १९८० च्या दशकातली खरीखुरी गाणी लागतात, मूळ ध्वनिमुद्रणासकट. ती बहुतेक ठिकाणी बाद ठरतात. टेट्रिस मात्र चालतो. माझ्या मते हे बरोबरच आहे, पण का बरोबर आहे हे आयोजकानं नियमात आधी लिहून ठेवलं नाही, तर मत मोजायच्या दिवशी भांडण ठरलेलं.

एकाच चालीची अनेक रूपं, हाही असाच त्रास. 'फायनल फँटसी'चा तो झुळझुळणारा 'प्रील्यूड' मालिकेतल्या बहुतेक गेममध्ये थोडा थोडा बदलून येतो. चार जणांनी चार भागांतला प्रील्यूड सुचवला, तर ती चार नामांकनं की एक? वाद्यवृंदानं मैफलीत वाजवलेलं रूप चालेल, की गेममध्ये ऐकू येतं तेच हवं? सुपर मारिओची १९८५ ची मूळ धून कोजी कोंदो यांनी ज्या यंत्रासाठी लिहिली, त्यात चालीसाठी दोन पल्स वाहिन्या, एक त्रिकोणी तरंगाची, तालाच्या खडखडाटासाठी एक, आणि छोट्या ध्वनिनमुन्यांसाठी एक, एवढंच सामान होतं. तेवढ्यात त्यांनी जे केलं त्याला मत द्यायचं, की नंतर ऐंशी वादकांनी वाजवलेल्या रूपाला? मी असलो तर म्हणेन, गेममध्ये वाजतं तेच. नाहीतर स्पर्धा वाद्यवृंदांच्या बजेटची होते.

तेच लोक, तीच आवड, तीन विजेते

आता गणित. घाबरायचं कारण नाही, बेरीज-गुणाकाराच्या पुढे जात नाही.

समजा १०० चाहते आहेत आणि अंतिम फेरीत तीन धुना: शेवटच्या शत्रूशी लढतानाची 'लढाई', गावात शिरल्यावर वाजणारी 'गाव', आणि गेम संपल्यावर नावं सरकताना वाजणारी 'निरोप'. चाहत्यांचे तीन गट आहेत. ४० जणांची पसंती लढाई, मग गाव, मग निरोप. ३५ जणांची निरोप, मग गाव, मग लढाई. उरलेल्या २५ जणांची गाव, मग निरोप, मग लढाई.

पहिली पद्धत, एक माणूस एक मत. लढाई ४०, निरोप ३५, गाव २५. लढाई जिंकली. आपल्या लोकसभेच्या निवडणुकीसारखंच. साठ जणांनी लढाईला शेवटचा क्रमांक दिला होता, हे या पद्धतीला दिसतच नाही.

दुसरी पद्धत, गुण द्यायचे. पहिल्या पसंतीला ३, दुसरीला २, तिसरीला १. लढाईचे होतात १८०, निरोपचे १९५ आणि गावचे २२५. गाव जिंकलं! पहिली पसंती म्हणून सगळ्यांत कमी लोकांनी निवडलेली धून, पण तिला शेवटचा क्रमांक एकानंही दिला नव्हता. ही पद्धत जाँ-शार्ल द बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं ओळखली जाते. ती त्यानं १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती.

तिसरी पद्धत महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांमुळे आपल्या ओळखीची आहे: पसंतीक्रम. पहिल्या पसंतीत कुणालाच कोटा, म्हणजे जिंकायला लागणारा मतांचा आकडा, गाठता आला नाही, तर सगळ्यांत मागे असलेला बाद, आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला. त्या मोजण्या रात्र रात्र का चालतात, ते इथे कळतं. आपल्या उदाहरणात कोटा ५१. कुणाकडेच ५१ नाहीत, म्हणून २५ मतांचं गाव बाद. त्या २५ जणांची दुसरी पसंती निरोप. निरोपचे झाले ६०. निरोप जिंकली.

शंभर माणसं तीच, कुणाची आवड तसूभर बदलली नाही, आणि तीन पद्धतींनी तीन वेगळे विजेते. म्हणून 'चाहत्यांनी निवडलेली सर्वोत्तम धून' असं वाचलं, की कशी निवडली हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला फार अर्थ नसतो.

मग यातली बरी कोणती? गेम संगीतासाठी मी गुणांच्या बाजूनं आहे. आमदार निवडायचा नाहीये, ऐकायला एक यादी हवी आहे. बहुतेकांना आवडणारी आणि कुणालाच न खटकणारी धून वर आली तर बिघडलं कुठे? पण या पद्धतीची एक खोड आहे. लढाईच्या चाहत्यांना गाव मनापासून दुसऱ्या क्रमांकावर आवडत असलं, तरी ते आपल्या लाडक्या धुनेचा प्रतिस्पर्धी आहे म्हणून मुद्दाम तळाला टाकता येतं. आपली पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे, असं बोर्दानं म्हटल्याचं सांगतात. चाहता म्हणून माणूस किती प्रामाणिक असतो, याचा अनुभव ज्यानं त्यानं आठवावा.

चौथी पद्धत क्रीडास्पर्धेसारखी: जोड्या लावायच्या, हरलेला बाहेर. बघायला सर्वांत मजेदार, कारण रोज एक सामना आणि रोज एक भांडण. तिचे तोटेही मजेदारच. गेमफॅक्स या अमेरिकी संकेतस्थळानं गेममधल्या पात्रांच्या अशा स्पर्धा वर्षानुवर्षं घेतल्या. २००७ मध्ये एका सामन्यात दोनऐवजी चार पात्रं ठेवली. मोठमोठ्या नायकांचे चाहते आपसात विभागले गेले आणि शेवटी जिंकला कोण, तर टेट्रिसमधला एल आकाराचा तुकडा. गंमत म्हणून मत देणाऱ्यांची एकजूट, दुसरं काय.

२०१५ मध्ये तिथेच सर्वोत्तम गेमची स्पर्धा झाली, ती 'अंडरटेल'नं जिंकली. गेम येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. त्याचे चाहते इतर ठिकाणांहून झुंडीनं मत द्यायला आले आणि जुन्या मतदारांचा तिळपापड झाला. त्याचं संगीत टोबी फॉक्स या गेमकर्त्यानंच रचलं आहे, आणि त्यातली 'मेगालोव्हेनिया' नंतर इतकी पसरली की जानेवारी २०२२ मध्ये व्हॅटिकनला पोपसमोर सर्कशीच्या कलाकारांनी तिच्यावर खेळ केले. झुंडीचं कौतुक दरवेळी क्षणभंगुर असतं असं नाही, हेही यातून दिसलं.

मत संगीताला की गेमला?

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीनं फक्त 'फायनल फँटसी'साठी घेतलेल्या मोठ्या मतदानाचा निकाल सांगितला. साडेचार लाखांहून जास्त मतं आली. सर्वोत्तम गेम, पात्र, संगीत, सगळं वेगवेगळं विचारलं होतं. गेममध्ये पहिला आला दहावा भाग. संगीतात पहिली आली 'झानार्कंडला', आणि तीही दहाव्या भागातलीच. खेळ सुरू होताना उद्ध्वस्त शहराजवळ शेकोटीभोवती दमलेली माणसं बसलेली असतात, तेव्हा वाजणारा एकटा पियानो. पात्रांत मात्र सातव्या भागातला क्लाउड जिंकला.

गेम आणि धून एकाच भागातली निघाली, हा योगायोग मला वाटत नाही. गेमचं संगीत आपण नुसतं ऐकत नाही, त्यात राहतो. चित्रपटातली धून दोन तासांत दोन-तीनदा येते. गेममधलं लढाईचं संगीत चाळीस तासांच्या खेळात शेकडो वेळा सुरू होतं, कारण ते पुन्हा पुन्हा फिरेल असंच रचलेलं असतं. हरल्यावर तेच, जिंकेपर्यंत तेच. मग मत देताना माणूस चालीला मत देतो, की त्या वयातल्या संध्याकाळींना? वेगळं करता येत नाही, आणि करायचा हट्टही धरू नये. फक्त एवढं लक्षात ठेवायचं, की जो गेम फार कुणी खेळलाच नाही, त्याचं संगीत कितीही चांगलं असलं तरी अशा मतदानात वर येणार नाही. त्याला मत द्यायला माणसंच नाहीत.

तज्ज्ञांकडे सोपवलं तर? 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये बहुतेक पुरस्कारांत परीक्षकांच्या मताला ९० टक्के वजन असतं आणि जनतेच्या मताला १० टक्के. तिथे सर्वोत्तम संगीताचा पुरस्कार २०२०, २०२३ आणि २०२४ मध्ये 'फायनल फँटसी'च्याच गेमना मिळाला. म्हणजे चाहते आंधळे आणि परीक्षक डोळस, अशी सरळ विभागणी काही जमत नाही.

मला सर्वांत शहाणी वाटते ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची रीत. जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची एक राष्ट्रीय नोंदवही तिथे आहे. दरवर्षी २५ नोंदी. नाव कुणीही सुचवावं, निवड मात्र तज्ज्ञ मंडळाच्या सल्ल्यानं ग्रंथालयाचे प्रमुख करतात. २०२३ मध्ये कोंदो यांची सुपर मारिओची धून त्यात आली, गेम संगीतातली पहिलीच. २०२५ मध्ये 'माइनक्राफ्ट'चं संगीत आलं, सी४१८ या नावानं रचना करणाऱ्या डॅनियल रोझेनफेल्डचं. क्रमवारी नाही, त्यामुळे पहिला-दुसरा हा वादच नाही. आणि ताज्या झुंडीवर एक साधा उपाय आहे: ध्वनिमुद्रण किमान दहा वर्षं जुनं हवं. 'अंडरटेल'च्या संगीताची दहा वर्षं २०२५ मध्ये भरली, तेव्हा त्याच्या चाहत्यांना आता तिथेही नाव सुचवता येईल.